आधी मीटर, मग आरोप

२०२५ च्या २९ मार्चला शनिवारी अमावास्या आली होती. शनी अमावास्या म्हणजे शनिशिंगणापुरात पाय ठेवायला जागा नसते. माझा त्या दिवशी अठ्ठाविसावा रोजा होता. आमच्या शाळेतले गणिताचे सर माझ्या शेजारीच राहतात. त्यांच्या आईला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आक्कांना, दर्शनाला जायचं होतं आणि सरांचा पाय प्लास्टरमध्ये होता. मी म्हटलं, "मी नेतो आक्कांना." सर संकोचले, "अहो, तुमचा रोजा, वरून हे ऊन." मी म्हटलं, "रोजा मला आहे, गाडीला नाही."

गाडी २००९ सालची. छोटी, पेट्रोलवरची, हप्ते फेडून कधीच मोकळी झालेली. घोडेगावहून आत वळलो, गावाबाहेर गाडी लावली, आक्का आणि त्यांची नात रांगेत गेल्या. मी गावातून एक चक्कर मारली. शिंगणापूर मला नवं नाही, तरी ती घरं पाहताना दर वेळी पाय थबकतो. चौकट आहे, दार नाही. कुठे पडदा, कुठे कुत्रं शिरू नये म्हणून आडवी लावलेली फळी. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली, तीही नेहमीच्या कुलपांशिवाय, म्हणून तिची देशभर बातमी झाली होती. शनिदेव राखण करतो अशी गावाची श्रद्धा. माझी श्रद्धा वेगळी आहे, पण शेजाऱ्यावर संशय न घेता झोपणारं गाव कुणालाही आवडावं.

परतीच्या वाटेवर वाहनांची रांग लागली होती. अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये सरकत राहिलो. मग एका रसवंतीपाशी थांबलो. बैल चरकाभोवती फिरत होता, आक्का आणि नात रस पीत होत्या, मी सावली शोधत होतो. पंधरा मिनिटांनी गाडीत बसलो, चावी फिरवली. टक. एकच आवाज, पुढे काही नाही. पुन्हा चावी. पुन्हा टक. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ मात्र उचलत नाही.

अशा वेळी आपल्याकडे माणसं लगेच जमतात. एक म्हणाला, "शनिवारी लोखंडाचा भरवसा नाही." दुसरा म्हणाला, "नजर लागली असेल, लिंबू-मिरची बांधा." माझ्याच काचेला आतून लटकवलेल्या तावीजकडे पाहून तिसरा म्हणाला, "यांनी तर आधीच बांधलंय." सगळे हसले, मीही हसलो. आक्का शांत होत्या. "देवानं थांबवलंय मास्तर, थोडं थांबू. पुढं काही वंगाळ असंल तर टळंल," एवढंच म्हणाल्या आणि सावलीत बसल्या.

मी मात्र शिकलेला माणूस, बीएड. माझा शनीवर विश्वास नाही, नजरेवर नाही. तो तावीज अम्मींनी बांधलेला, म्हणून राहिला. माझा विश्वास कार्यकारणभावावर. दोनच महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली होती आणि ती गॅरेजमधल्या एका पोराने बसवली होती. पोरगा एकोणीस वर्षांचा, माझाच जुना विद्यार्थी. माझ्या डोक्याने हिशेब मांडला : नवी बॅटरी, तरी गाडी बंद, म्हणजे बॅटरी नवी नाहीच. पोराने जुनी बसवली आणि नवी विकली. मी तिथूनच गॅरेजमालकाला फोन लावला. रोजा होता, डोकं तापलं होतं, चार माणसं ऐकत होती. म्हणालो, "तुम्ही गॅरेजात चोर ठेवलाय."

चाळीस मिनिटांनी गाडी एका चावीत सुरू झाली. कुणी काही केलं नव्हतं. आक्कांनी हात जोडले.

ज्या गावात घराला कडी-कोयंडा लावत नाहीत, त्या गावाच्या शिवेत उभा राहून मी एका पोराला चोर म्हणालो. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

वाचकहो, जुन्या गाडीतला सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे कायमचा बिघाड नव्हे. कायमचा बिघाड सापडतो, कारण तो जागेवर उभा असतो. वाईट तो, जो कधी असतो, कधी नसतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी दहा वेळा सुरू करून पाहिली, दहाही वेळा झाली. मालकाने बॅटरी तपासली, साडेबारा व्होल्ट. बॅटरी उत्तम. माझा आरोप तिथेच संपायला हवा होता. पण संशय असा संपत नाही. मी म्हटलं, "फोन केल्यावर घाबरून रात्रीत परत बदलली असेल." पुरावा उलटा निघाला, तर मी तोही पोराच्याच विरुद्ध वापरला. याला आपल्याकडे बदगुमानी म्हणतात. ती वाईट आहे हे आपण मुलांना शिकवतो, मीही शिकवतो.

मग सेल्फ खोलला. कार्बन बदलले, आतला पॉइंट घासला, अडीच-तीन हजार गेले. बारा दिवस गाडी गुण्यागोविंदाने चालली. तेराव्या दिवशी दुपारी, बाजारात, पुन्हा टक. मालक म्हणाला, आता चावीचा स्विच बदलू. शेजारचा म्हणाला, नाही, वायरिंगच बदला. मी एका वीजजोडणीच्या वाटेवरचा एकेक भाग विकत घेत चाललो होतो आणि कुणीही, मीसुद्धा, काहीही मोजलं नव्हतं.

मोजायला शिकवलं ते आमच्या मोहल्ल्यातल्या चाचांनी. ते एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी सगळी कहाणी सांगितली. ते मध्येच म्हणाले, "मास्तर, काय बदललं ते नका सांगू. काय मोजलं ते सांगा." माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

त्या दिवशी चाचांकडून जे शिकलो ते इथे नीट लिहितो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या दारात अशीच एखादी जुनी गाडी असेल. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, तरी ती आजही आपल्या गावांतून दिसते. सामान्य माणसाची गाडी म्हणजे बहुधा जुनीच गाडी.

पहिली गोष्ट, आवाज ऐका. चावी फिरवल्यावर दिवेही नाहीत आणि आवाजही नाही, तर बॅटरीचं टर्मिनल सैल आहे, बॅटरी पूर्ण बसली आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दिवे मंद होतात आणि टकटकटकटक असा पावसासारखा आवाज येतो, तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली आहे. दिवे लख्ख आहेत आणि आवाज अजिबात नाही, तर चावीच्या स्विचपासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरीत खोट आहे. दिवे लख्ख आणि एकच ठसठशीत टक, तर सेल्फवरचा सोलेनॉइड ओढला गेलाय, पण मोटारीला पुरेसा करंट मिळत नाही किंवा मोटारच आतून खराब आहे. आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर सेल्फला दोष देऊ नका. तो आपलं काम करतोय, दुखणं पेट्रोलमध्ये किंवा ठिणगीत आहे. धक्का मारून गाडी सुरू होत असेल तर तीही एक साक्ष आहे : इंजिन, पेट्रोल, ठिणगी ठीक, दोष बॅटरी ते सेल्फ या वाटेवर.

दुसरी गोष्ट, बिघाड कधी होतो ते वहीत लिहा. सकाळी थंडीत की दुपारी उन्हात? रात्रभर उभी राहिल्यावर की चालवून थांबवल्यावर? पावसात? पेट्रोल भरल्यावर? मी आठवून लिहिलं तेव्हा दिसलं की चारही वेळा इंजिन चांगलं तापलेलं होतं आणि गाडी दहा-वीस मिनिटं बंद होती. सकाळी एकदाही नाही. म्हणजे "कधीही" बंद पडणारी गाडी खरं तर वेळ पाळून बंद पडत होती. तांब्याची तार तापली की तिचा विरोध वाढतो, आणि सैल सांधा तापून फुगला की त्याची पकड बदलते. थंड गॅरेजमध्ये दहा वेळा चावी मारून हा चोर सापडणारच नव्हता.

तिसरी गोष्ट मोजण्याची. मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ती दहाच्या खाली फार जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ आले तर अल्टरनेटर भरतोय. रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर सगळं बंद करून मीटर अँपिअरवर लावून गळती पाहावी. पन्नास मिलिअँपिअरच्या वर असेल तर कुठेतरी काहीतरी जागं आहे, बहुधा नंतर बसवलेला टेप किंवा अलार्म. मात्र मीटर असा लावलेला असताना चावी मारायची नाही, मीटर जळेल.

माझ्या गाडीत हे सगळे आकडे ठीक होते. तेव्हा चाचांनी ती परीक्षा घेतली जी कुठल्याच गॅरेजने घेतली नव्हती. आम्ही गाडी घोडेगावपर्यंत फिरवून आणली, इंजिन तापवलं, बंद केलं, पंधरा मिनिटं थांबलो. न्यूट्रल, हँडब्रेक. मीटर व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटीवर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. "आता चावी मारा."

इथे थोडं थांबून सांगतो. या दोन टोकांमध्ये जाडजूड वायर आहे. दोन्ही एकच समजायची. तेव्हा मीटरने शून्याच्या जवळ काहीतरी दाखवायला हवं, सेल्फ फिरत असताना फार तर ०.२ व्होल्ट. पॉझिटिव्ह बाजूला, खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, फार तर ०.५. मी चावी मारली. टक. मीटरवर पाच व्होल्टच्या वर आकडा उमटला. म्हणजे बॅटरीचं जवळजवळ निम्मं बळ इंजिनपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत कुठेतरी खर्च होत होतं.

छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. अशा वाटेवर एका ओहमचा पन्नासावा भाग एवढा विरोध आला, तरी दोन व्होल्ट तिथेच संपतात. हेडलाइटला मात्र पाच-दहा अँपिअरच लागतात, त्याला हा अडथळा जाणवतही नाही. चार पदरांची पायवाट असली तरी एक माणूस जातो, बैलगाडी अडते. म्हणून चावी न मारता मीटर लावला तर तुटत आलेली वायरही बारा व्होल्ट दाखवते. करंट वाहत असतानाच मोजायला हवं. ओझं टाकल्याशिवाय सांध्याचा खरेपणा कळत नाही.

चाचांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावलं. चावी मारली आणि सेल्फ गरागरा फिरला. दोन मिनिटांची परीक्षा. दोष अर्थिंगचा होता. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जातं आणि बॉडीवरून एक जाड पट्टी गिअरबॉक्सला जाते. त्या पट्टीचा बोल्ट आम्ही खोलला, अर्थात आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून. पट्टीच्या पितळी कानाखाली काळा रंग होता. चकचकीत, एकसारखा, व्यवस्थित मारलेला रंग. धातूला धातू लागतच नव्हता. सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता.

"हा रंग कुणी मारला?" चाचांनी विचारलं.

मी मारून घेतला होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग पासिंग करून ती पुढे वाढवावी लागते. २०२४ मध्ये माझ्या गाडीचं पासिंग होतं. फी पाच हजार, ती भरलीच. गाडी म्हातारी दिसू नये म्हणून एका रंगाऱ्याकडून बोनेटच्या आतलं सगळं धुऊन, खोलून, काळं करून घेतलं होतं. "एकदम शोरूमसारखं करा," हे माझेच शब्द. त्याने केलं. रंग सुकल्यावर पट्टी त्यावरच बसवली.

आणखी एक. त्याच वर्षी माझी क्लचची केबल जड होऊन बदलावी लागली होती. चाचा म्हणाले, हीसुद्धा साक्ष होती. इंजिनला नीट अर्थिंग मिळालं नाही की करंट क्लचच्या, ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि त्या आतून भाजतात. गाडी वर्षभर सांगत होती. मी ऐकत नव्हतो, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं.

पॉलिश पेपरने रंग खरवडला, पट्टी घासली, बोल्ट आवळला, वरून थोडं व्हॅसलीन लावलं. पुन्हा इंजिन तापवलं, पुन्हा मीटर. ०.१ व्होल्ट. खर्च वीस रुपयांचा पॉलिश पेपर. आज हे लिहीपर्यंत सेल्फने एकदाही टक केलेलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण गाडी दुरुस्त झाली म्हणून मी लिहायला बसलेलो नाही.

त्या दिवशी रसवंतीपाशी तिघांनी तीन कारणं सांगितली : शनी, नजर आणि चोर. पहिली दोन आपण अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेतो. तिसरं मात्र आपल्याला तर्कशुद्ध वाटतं, कारण त्यात देव नाही, भूत नाही, माणूस आहे. पण तिन्ही कारणांमागे मोजमाप सारखंच होतं : शून्य. उलट आक्कांच्या कारणाने कुणाचं काही बिघडलं नाही. त्या सावलीत बसल्या आणि वाट पाहिली, आणि योगायोग असा की इंजिन थंड होण्यासाठी नेमकं तेच करायला हवं होतं. माझ्या कारणाने एका पोराची रोजी गेली. मास्तरांची मर्जी सांभाळायची म्हणून मालकाने त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं होतं. मला हे कळलं तेव्हा ईद होऊन गेली होती.

श्रद्धा निर्दोष असते असं मला म्हणायचं नाही. लिंबू बांधून किंवा तावीज लटकवून माणूस पाना हातात घेतच नसेल, तर नुकसान होतंच. पण शिकलेल्या माणसाचा संशय जास्त धोक्याचा, कारण तो स्वतःला ज्ञान समजतो आणि ऐकणारेही तसंच समजतात. रिक्षावाल्याने तोच फोन केला असता तर मालकाने पोराला काढलं असतं का?

हे फक्त आपल्या गल्लीतलं नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये जनरल मोटर्सने चावीच्या सदोष स्विचमुळे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. स्विचची पकड कमजोर होती. चावीच्या जुडग्याचं वजन किंवा गुडघ्याचा धक्का लागला की चालत्या गाडीत तो सरकायचा, इंजिन बंद व्हायचं, स्टिअरिंग जड व्हायचं, एअरबॅग उघडायची नाही. हाही कधी होणारा, कधी न होणारा बिघाड. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यू या दोषाशी जोडून मान्य केले. पण ते कळण्याआधीची दहा वर्षं काय झालं? टेक्सासमधल्या एका तरुणीची गाडी २००४ मध्ये रस्ता सोडून झाडावर गेली आणि शेजारी बसलेला तिचा होणारा नवरा मरण पावला. गाडीत दोष दिसला नाही, म्हणून दोषी ती ठरली. तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. सगळ्यात वाईट म्हणजे इतकी वर्षं तिला स्वतःलाही वाटत राहिलं की आपणच मारलं. २०१४ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने तिच्यावरचा ठपका पुसला. त्या गाडीचं नाव होतं सॅटर्न. सॅटर्न म्हणजे शनी. पण दोष ग्रहाचा नव्हता आणि बाईचाही नव्हता. एका छोट्या स्विचचा होता, जो वेळेवर कुणी मोजला नाही.

बिघाड कधी दिसतो, कधी नाही, तेव्हा सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात कमजोर माणूस दोषी ठरतं. गॅरेजमधला पोरगा, घरातली कामवाली, नवी सून. शाळेत आम्हीही हेच करतो. एखादा मुलगा सोमवारी उत्तर देतो, गुरुवारी देत नाही. आम्ही लिहून टाकतो : लक्ष नाही, आळशी आहे. गुरुवारी तो उपाशी येतो का, आदल्या रात्री बापाबरोबर कांद्याच्या गोण्या उचलतो का, त्याला मागच्या बाकावरून फळा दिसतो का, हे पाहायला वही लागते आणि वेळ लागतो. शिक्का मारायला काही लागत नाही.

माझी दोन मतं आहेत, ती सरळ मांडतो.

एक : निदानाचे पैसे द्यायला शिकूया. आपण सेल्फचे तीन हजार निमूट देतो, कारण जुना पार्ट हातात मिळतो. पण एखादा इलेक्ट्रिशियन तासभर मीटर लावून फक्त एक बोल्ट आवळून देतो, तेव्हा आपण म्हणतो, "काय केलं असं, पाचशे कशाचे?" मग तोही शहाणा होतो आणि पार्ट बदलतो. अंदाजाने पार्ट बदलणारे मिस्त्री आपणच तयार केले आहेत. गाडी गॅरेजात सोडताना "हे बदला" म्हणू नका. "कुठे किती व्होल्ट पडतोय ते दाखवा, त्या तासाचे पैसे देतो" म्हणा.

दोन : आपल्या मोहल्ल्यांतली शेकडो पोरं गॅरेजात काम शिकतात. आपण त्यांना पाना देतो, मीटर देत नाही. ती पाहून पाहून शिकतात आणि त्यांच्या उस्तादाने जसा अंदाज बांधला तसाच बांधतात. व्होल्ट, अँपिअर, ओहम हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच पोरांनी ते पाठ करून पेपरात लिहिलं आहे. ते ज्ञान बोनेटपर्यंत पोचलं नाही, याचा दोष पोरांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. मीसुद्धा ओहमचा नियम शाळेत शिकलो होतो आणि रसवंतीपाशी मला तो आठवला नाही. चाचा आता रविवारी सकाळी चार-पाच पोरांना आपल्या अंगणात बसवतात. मीटर मी आणून दिला आहे, पोरांच्या मागे मीही बसतो.

त्या पोराला भेटायला गेलो तेव्हा तो महामार्गावरच्या एका टायरच्या दुकानात होता, पंक्चर काढत. गॅरेजमालकाला मी सगळं खरं सांगितलं होतं, पण तोवर त्याच्या जागी दुसरा आला होता. मी त्याच्या नव्या मालकासमोर आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मी तुला चोर म्हणालो, ते खोटं होतं. बॅटरी नवीच होती. चूक माझी होती." चार माणसांत आरोप केला होता, तर माफीही चार माणसांतच मागायला हवी होती.

त्याने हात पुसले. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "सर, मग फॉल्ट काय निघाला?"

मी सांगितलं. पट्टीखालचा रंग, मीटरवरचे पाच व्होल्ट, जंपर केबल. तो नीट ऐकत होता. म्हणाला, "मी बॅटरी बसवली तेव्हा म्हणालो होतो सर, अर्थिंग एकदा बघू का. तुम्ही घाईत होता."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण तो खोटं बोलतोय, असं या वेळी माझ्या मनात आलं नाही.